राजीनाम्यानंतरची बंदी: सही केलेली अट कोर्टात किती टिकते?

‘राजीनामा दिल्यानंतर अथवा अन्य कोणत्याही कारणाने सेवा संपुष्टात आल्यानंतर दोन वर्षांपर्यंत कर्मचारी कंपनीच्या व्यवसायाशी स्पर्धा करणाऱ्या कोणत्याही आस्थापनेत नोकरी करणार नाही, तसा व्यवसाय स्वतः किंवा नातेवाइकांच्या नावे करणार नाही.’ अपॉइंटमेंट लेटरच्या मागच्या पानांवर अशा धाटणीचा एक परिच्छेद असतो. तो बहुधा बारीक अक्षरात, पगाराच्या तक्त्यानंतर आणि सहीच्या जरा आधी येतो. रुजू होण्याच्या आनंदात तो कोणी वाचत नाही. चार-पाच वर्षांनी दुसरीकडून बरी ऑफर येते, तेव्हा एचआरचा माणूस त्याच परिच्छेदावर बोट ठेवतो आणि नोकरदाराच्या पोटात गोळा येतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हा गोळा जरा मोठाच असतो, कारण इथे स्पर्धक कंपनी लांब कुठे नसते. पाताळगंगा एमआयडीसी, रसायनी, खोपोली, सावरोली या पट्ट्यात केमिकल, औषधनिर्मिती आणि पोलादाचे कारखाने एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. एका गेटमधून बाहेर पडून रस्त्यापलीकडच्या गेटमध्ये शिरलं की नोकरी बदलली. कर्जत, नेरळकडे रिसॉर्ट, फार्महाऊस आणि केटरिंगचा धंदा वाढला, तिथले शेफ आणि मॅनेजर याच परिसरात फिरत राहतात. पहाटेच्या लोकलने ठाणे, ऐरोली, मुंबई गाठणाऱ्या आयटी आणि बँकवाल्यांच्या करारांतही हीच अट असते. दहा-बारा वर्षं एकाच प्रकारच्या रिॲक्टरवर काम केलेल्या केमिस्टला ‘या धंद्यात दोन वर्षं पाऊल टाकायचं नाही’ म्हटलं, तर त्याने घरदार उचलून वापी-अंकलेश्वरला जावं काय? आणि ‘भारतात कुठेही’ असं लिहिलेलं असेल तर तेही नाही. मग उरतो तो घरी बसण्याचा पर्याय.

म्हणून उत्तर आधीच सांगून टाकलेलं बरं. नोकरी रीतसर सोडल्यानंतर अमुक ठिकाणी काम करू नको, असं सांगणारी अट भारतात कोर्टाकडून अंमलात आणून घेता येत नाही. तिच्यावर सही केलेली असली तरी नाही, आणि ती स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहून घेतलेली असली तरीही नाही. भारतीय करार कायदा, 1872 याचं कलम 27 सांगतं की, कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. यातलं ‘तेवढ्यापुरता’ महत्त्वाचं आहे. संपूर्ण अपॉइंटमेंट लेटर बाद होत नाही, फक्त ती अट बाद होते. पगार, नोटीस पिरियड, गोपनीयता या बाकीच्या अटी जागच्या जागी राहतात, आणि अनेक जण फसतात ते त्या बाकीच्या अटींत.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या कलमाचं मूळ अमेरिकेत सापडतं. न्यूयॉर्कचे कायदेपंडित डेव्हिड डडली फील्ड यांनी तयार केलेल्या संहितेच्या मसुद्यावरून ते घेतलं गेलं. तोच मसुदा कॅलिफोर्नियाने उचलला, तोही 1872 सालीच, आणि तिथे हा नियम आजही कायम आहे. इंग्लंडने वेगळी वाट धरली. बंदी वाजवी असेल, म्हणजे मुदत, परिसर आणि कारण पटण्यासारखं असेल, तर तिथली कोर्टं ती मान्य करतात. भारतातही तसं करावं, अशी शिफारस कायदा आयोगाने 1958 साली आपल्या तेराव्या अहवालात केली होती. संसदेने ती स्वीकारली नाही. त्यामुळे ‘फक्त सहा महिन्यांचीच तर बंदी आहे’ किंवा ‘फक्त रायगड जिल्ह्यापुरतीच आहे’ हा युक्तिवाद नोकरीनंतरच्या बंदीला तारून नेत नाही.

कलम किती कडक आहे हे कोर्टाने दोनच वर्षांत दाखवून दिलं. कलकत्त्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दोन दुकानदार होते. एकाने दुसऱ्याला सांगितलं, या भागातलं तुझं दुकान बंद कर, तू कारागिरांना दिलेली 900 रुपयांची उचल मी भरून देतो. दुसऱ्याने दुकान बंद केलं, पण पैसे आले नाहीत. तो कोर्टात गेला आणि हरला. 1874 च्या या निकालात मुख्य न्यायमूर्ती रिचर्ड काऊच यांनी म्हटलं की, बंदी शहराच्या एका भागापुरती असली तरी कलम 27 तिला मान्यता देत नाही, आणि करारच रद्दबातल म्हटल्यावर त्यापोटी पैसेही मागता येत नाहीत. पुढे 1885 साली चहामळ्याच्या नोकराचं प्रकरण आलं. नोकरी सुटल्यावर पाच वर्षं, चाळीस मैलांच्या आत चहाचं काम करायचं नाही, अशी त्याच्या करारात अट होती. तीही कलकत्ता उच्च न्यायालयाने उडवली. कर्जतभोवती चाळीस मैलांचं वर्तुळ काढून पाहिलं तर पनवेल, ठाणे, लोणावळा असं सगळं आत येतं. अशी अट टिकली असती, तर इथल्या माणसाला कामासाठी जागाच उरली नसती.

कल्याणचा खटला

मग वकिलाच्या नोटिशीत ‘गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग’ या खटल्याचा दाखला का येतो? तो येतोच, म्हणून हा खटला नीट समजून घ्यावा. तो आपल्याच रेल्वेमार्गावरचा आहे.

सेंच्युरी कंपनीचा कल्याणला रेयॉनचा कारखाना होता, आणि तिथे टायर कॉर्डचा, म्हणजे टायरच्या आत घालायच्या मजबूत धाग्याचा प्लँट उभा राहत होता. तंत्रज्ञान हॉलंड आणि जर्मनीतल्या दोन कंपन्यांकडून, 1961 च्या करारान्वये, 1,40,000 जर्मन मार्क मोजून घेतलेलं होतं. ते गुप्त ठेवण्याची आणि कर्मचाऱ्यांकडूनही तशी हमी घेण्याची अट परदेशी कंपन्यांनी घातली होती. निरंजन शंकर गोलिकरी यांची 1963 च्या मार्चमध्ये शिफ्ट सुपरवायझर म्हणून नेमणूक झाली, ती पाच वर्षांच्या मुदतीच्या करारावर. डिसेंबरपर्यंत त्यांचं प्रशिक्षण झालं. करारात लिहिलं होतं की, मुदतीआधी सोडून गेल्यास उरलेल्या काळात दुसरीकडे तसं काम करता येणार नाही आणि नुकसानभरपाईही द्यावी लागेल. 1964 च्या ऑक्टोबरमध्ये ते बाहेर पडले आणि राजस्थानात कोट्याला, तेच उत्पादन करणाऱ्या रेयॉन कंपनीत जास्त पगारावर रुजू झाले.

सेंच्युरीने कल्याणच्या कोर्टात दावा लावला आणि जिंकला. उच्च न्यायालयातही तेच झालं. 17 जानेवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलिकरींचं अपील फेटाळलं. म्हणजे कंपनी जिंकली हे खरं. पण काय जिंकली, हे नोटीस पाठवणारे सांगत नाहीत. मनाई हुकूम होता तो फक्त 15 मार्च 1968 पर्यंत, म्हणजे पाच वर्षांच्या करारातली उरलेली मुदत संपेपर्यंत. तोही टायर कॉर्डच्या उत्पादनापुरताच होता. दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या कारखान्यात काम करायला गोलिकरी मोकळे होते. करार चालू असतानाची बंदी आणि करार संपल्यानंतरची बंदी यांत न्यायालयाने स्पष्ट फरक केला. चालू असतानाची बंदी कलम 27 खाली सहसा येत नाही, असा या निकालाचा गाभा आहे.

याच धर्तीचा त्याहून जुना निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. 1898 साली झांझिबारच्या एका डॉक्टरच्या हाताखाली तीन वर्षांसाठी बांधलेला सहायक डॉक्टर वर्षभरातच सोडून स्वतःची प्रॅक्टिस करू लागला. त्याला उरलेल्या मुदतीपुरतं रोखण्यात आलं. कारण तेच होतं. त्याच्या कराराची मुदत अजून शिल्लक होती.

यावरून एक व्यवहारी कसोटी हाती येते. आपली नोकरी ठरावीक मुदतीची आहे की बेमुदत? बहुतेक कायम नोकऱ्या बेमुदत असतात. एक, दोन किंवा तीन महिन्यांची नोटीस दिली की त्या संपतात. नोटीस पूर्ण करून बाहेर पडलेल्या माणसाला गोलिकरी खटला लागू होत नाही. त्याचा करार संपला. पण ‘तीन वर्षांचा करार’ म्हणून सही केली असेल आणि दुसऱ्या वर्षी उठून समोरच्या कारखान्यात गेलात, तर मात्र कंपनीच्या हातात खरं हत्यार आहे. तिथेही न्यायालय डोळे मिटून हुकूम देत नाही. 2003 साली स्टार इंडियाच्या एका प्रकरणात तीन वर्षांचा करार अर्धवट सोडलेल्या जाहिरात विभागातल्या अधिकाऱ्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने मनाई द्यायला नकार दिला होता. तरीही मुदतीच्या करारावर असलेल्याने राजीनाम्याआधी वकिलाला कागद दाखवावा, हेच शहाणपणाचं.

मुदत संपल्यानंतर काय, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं आहे. पर्सेप्ट डी मार्क या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार ऑक्टोबर 2003 मध्ये संपला. करारात अट अशी होती की, मुदत संपल्यावरही दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारण्याआधी ती पर्सेप्टला दाखवायची आणि तेवढीच रक्कम देण्याची संधी तिला द्यायची. झहीर दुसऱ्या कंपनीकडे गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी कंपनीला मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो काढून टाकला, आणि 22 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं बरोबर ठरवलं. करार संपला की त्यातली बंदीही संपते, आणि तिथे वाजवीपणाची कसोटी लावण्याचा प्रश्नच येत नाही, असा तो निकाल. सुपरिंटेंडन्स कंपनीच्या 1980 च्या खटल्यातही दिल्लीत नेमलेल्या शाखाधिकाऱ्यावरची दोन वर्षांची बंदी टिकली नव्हती. न्या. ए. पी. सेन यांनी त्या वेळी कलम 27 चा अर्थ जसा कडक मांडला, तोच पुढच्या निकालांचा आधार झाला.

काही कंपन्या वळसा घालून येतात. ‘राजीनाम्यानंतर तीन महिने घरी बसा, पगार आम्ही देतो, पण कुठे रुजू होऊ नका’ अशी तरतूद व्हीएफएस ग्लोबलच्या करारात होती. मुंबई उच्च न्यायालयाने तीही नोकरीनंतरची बंदीच मानली आणि अंमलात आणायला नकार दिला. नोटीस पिरियड चालू असताना घरी बसवणं वेगळं, कारण तोवर तुम्ही त्यांचेच कर्मचारी असता.

बाँड, चेक आणि सर्टिफिकेट

स्पर्धाबंदीची अट पोकळ आहे हे कळल्यावर पुष्कळांना वाटतं की बाँडही पोकळच. हा गैरसमज महागात पडतो. बाँड तुम्हाला दुसरीकडे जाण्यापासून रोखत नाही, तो ‘आधी गेलात तर पैसे भरा’ म्हणतो, आणि कोर्ट त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतं.

ताजा निकाल 14 मे 2025 चा, विजया बँकेच्या प्रकरणातला. 2007 मध्ये वरिष्ठ व्यवस्थापक पदावर रुजू झालेल्या अधिकाऱ्याने किमान तीन वर्षं नोकरी करण्याचं, नाहीतर दोन लाख रुपये भरण्याचं लिहून दिलं होतं. 2009 मध्ये त्याने दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून दोन लाख भरले आणि ते परत मिळावेत म्हणून कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नोकरी चालू असतानाची ही अट आहे, ती भविष्यातल्या नोकरीवर बंदी घालत नाही, सरकारी बँकेला जाहिरात-परीक्षा-मुलाखतीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने दोन लाख अवाजवी नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच निकालात एक गोष्ट नोकरदाराच्या बाजूचीही आहे. छापील करारात दोन बाजूंची ताकद सारखी नसते, हे न्यायालयाने मान्य केलं, आणि अट लोकहिताविरुद्ध नाही हे पटवून देण्याचा भार मालकावर असतो असंही सांगितलं.

त्यामुळे खोपोलीतल्या एखाद्या कारखान्याने तीन दिवसांचं सेफ्टी ट्रेनिंग दिलं आणि पाच लाखांचा बाँड लिहून घेतला, तर तो पाच लाखांना वसूल होईलच असं नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे बाँडमधली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत कोर्ट वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. कंपनीने खरंच परदेशी पाठवून शिकवलं असेल, महागडं मशीन चालवण्याचं प्रशिक्षण विकत घेतलं असेल, तर बाँडला वजन येतं. नुसतं रोजचं काम दाखवलं असेल, तर येत नाही. बाँडवर सही करण्यापूर्वी एवढंच विचारा की, प्रशिक्षण कोणतं, त्याचा खर्च किती, आणि जसजशी वर्षं सरतील तसतशी रक्कम कमी होणार का? उत्तर तोंडी घेऊ नका, मेलवर घ्या.

रकमेची जागा मोकळी सोडलेला, सही केलेला चेक मात्र कोणालाही देऊ नये. यावर तडजोड नाही. चेक न वटल्याच्या फौजदारी खटल्यात कायदा सुरुवातीला असं गृहीत धरतो की, चेक देणं लागत असलेल्या रकमेपोटीच दिला आहे. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. बाँडच्या वादात कंपनीला दिवाणी दावा लावून नुकसान सिद्ध करावं लागतं. चेक हातात असला की ती सगळी मेहनत तुमच्या गळ्यात पडते. दहावी-बारावीची, आयटीआयची, डिप्लोमाची मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणाऱ्यांनाही स्पष्ट नकार द्यावा. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे आणि साक्षांकित प्रती द्यायच्या, एवढंच पुरे. आधीच दिली असतील तर ती परत मागणारा मेल आजच पाठवावा.

हात रिकामे ठेवून बाहेर पडा

नोकरी सोडून स्पर्धकाकडे गेलेल्या माणसाला खरा धोका असतो तो गोपनीयतेच्या अटीचा. ही अट नोकरीनंतरही टिकते. अनुभव, हातातलं कसब, मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्याची सवय हे सगळं तुमचं आहे आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. पण बॅचचं नेमकं प्रमाण, तापमान-दाबाचे तक्ते, कॅटॅलिस्टचा पुरवठादार आणि त्याचा भाव, ग्राहकांची दरासहित यादी हे कंपनीचं आहे. स्टार इंडियाच्या निकालात न्यायालयाने म्हटलं होतं की, कुठल्याही नोकरीत काही काळ काढलेल्या माणसाला काही माहिती आपोआप होतेच, आणि अशा प्रत्येकाला गुपितं ठाऊक आहेत असं म्हणता येत नाही. ‘यांना आमची गुपितं माहीत आहेत’ एवढं मोघम विधान मालकाला पुरत नाही. कोणतं गुपित, ते आम्ही कसं जपलं, आणि याने ते कसं नेलं, हे दाखवावं लागतं.

आणि दुर्दैवाने अनेक जण तो पुरावा स्वतःच तयार करून ठेवतात. शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या मेलवरून स्वतःच्या जीमेलवर फायली पाठवायच्या, एसओपीचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे, टॅली किंवा एक्सेलमधली पार्टीची यादी पेनड्राइव्हवर घ्यायची. ‘माझंच तर काम आहे’ असं वाटतं, पण कोर्टात ते तसं दिसत नाही. परवानगीशिवाय संगणकातली माहिती उतरवून नेणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 मध्ये बसू शकतं, आणि विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार म्हणून पोलिसांत तक्रारही होऊ शकते. स्पर्धाबंदीची अट घेऊन न जिंकणारी कंपनी या एका पेनड्राइव्हवर जिंकते.

ग्राहक आणि सहकारी ओढून न नेण्याची अट स्पर्धाबंदी आणि गोपनीयता या दोन्हींच्या मधे पडते. जुन्या कंपनीच्या ग्राहकांना स्वतः फोन करून वळवणं यावर कोर्टांनी काही वेळा मनाई दिली आहे. ग्राहक आपणहून तुमच्याकडे आला किंवा नव्या कंपनीने खुली जाहिरात केली आणि तो आला, तर ते ओढून नेणं ठरत नाही. कर्जतचा एखादा इव्हेंट मॅनेजर स्वतःचा धंदा सुरू करत असेल, तर जुन्या मालकाच्या बुकिंग रजिस्टरमधले नंबर वापरू नयेत. पाटी लावावी, जाहिरात करावी, आणि माणसं कामाच्या लौकिकावर येऊ द्यावीत.

राजीनामा मेलवर द्यावा, तारखेसकट. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढं पुरतं, पुढची कंपनी कोणती हे सांगण्याचं बंधन सहसा नसतं. करारात तशी अट असेल तर मात्र खोटं बोलू नये. नोटीस पिरियड पूर्ण करावा, किंवा करारात मुभा असेल तर तेवढ्या दिवसांचे पैसे भरून त्याची पोच घ्यावी. लॅपटॉप, गेटपास, कपाटाची किल्ली, वर्दी हे सगळं परत केल्याची सही घ्यावी. बाहेर पडताना ‘नो ड्यूज’ म्हणून जो कागद पुढे येतो, त्यात नवी बंदी घुसडलेली नाही ना, हे वाचून पाहावं.

अडवणूक बहुधा कोर्टात होत नाही. ती होते रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलच्या टेबलावर. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा, बडतर्फी किंवा कपात, कशानेही नोकरी सुटली तरी देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. स्पर्धकाकडे गेला म्हणून ग्रॅच्युइटी रोखता येत नाही. ती जप्त करण्याची कारणं कायद्याने मोजकी ठेवली आहेत, उदाहरणार्थ मालमत्तेचं नुकसान करून किंवा हिंसक वर्तनामुळे नोकरी जाणं. भविष्य निर्वाह निधीवर मालकाचा हक्क नाही. रिलीव्हिंग लेटर अडलं, तर राजीनाम्याचा मेल, त्याची पोच, शेवटची पगारपत्रकं आणि फॉर्म 16 नव्या कंपनीला दाखवावं आणि परिस्थिती खरी सांगावी. जुनी कंपनी नव्या कंपनीला पत्र पाठवून घाबरवते, असंही घडतं. नव्या एचआरला हे आधीच माहीत असेल, तर त्या पत्राचा जोर निम्म्याने ओसरतो.

करारातली आणखी एक ओळ सही करण्याआधी शोधावी. ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयाच्या अधिकारात राहतील.’ एप्रिल 2025 मध्ये एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या करारातली अशी अट वैध मानली. पाटणा आणि दिल्लीतल्या कर्मचाऱ्यांना मुंबईला यायला सांगितलं गेलं. कर्जतकराला मुंबई लोकलच्या अंतरावर आहे, पण करारात बेंगळुरू किंवा गुरुग्राम लिहिलेलं असेल, तर दिवाणी दावा तिथे लढावा लागू शकतो. लवादाची अट असेल, आणि लवाद एकतर्फी कंपनीच नेमणार असं लिहिलेलं असेल, तर तशी नेमणूक न्यायालयांनी अमान्य केलेली आहे, हेही लक्षात असावं.

इथल्या लहान उद्योजकांची बाजूही खरी आहे. माणूस तयार करायचा, आणि तो तयार झाला की शेजारच्या शेडमध्ये जाऊन बसतो. पण टिकणार नाही अशी अट घालून त्यांचं काहीच वाचत नाही. पदाला शोभेल असा नोटीस पिरियड, खरोखर झालेल्या खर्चाचा बाँड, नेमकी माहिती नमूद करणारा गोपनीयता करार, प्रोसेसचे तक्ते सगळ्यांसाठी उघडे न ठेवणं, आणि वर्ष पूर्ण करणाऱ्याला बोनस, हे उपाय चालतात.

बंदी टिकते अशा दोन जागा कायद्याने मोकळ्या ठेवल्या आहेत, आणि त्या नोकरीच्या नाहीत. धंदा नावलौकिकासकट विकला, तर विकणाऱ्याने वाजवी हद्दीत तसाच धंदा करू नये अशी अट वैध असते. खोपोलीच्या बाजारपेठेतलं मेडिकल विकून शेजारीच दुसरं उघडता येणार नाही. भागीदारी सोडणाऱ्यावरही ठरावीक काळ किंवा हद्दीची वाजवी बंदी घालता येते, तशी भागीदारी कायद्याच्या कलम 36 मध्ये तरतूद आहे. म्हणून ‘तू आता पार्टनर’ म्हणून कोणी कागद पुढे केला, तर तो नोकरीच्या कागदापेक्षा दुप्पट काळजीने वाचावा.

वकिलाची नोटीस आली तर घाबरून नवी नोकरी सोडू नका, आणि ती दुर्लक्षूनही चालणार नाही. अपॉइंटमेंट लेटर, राजीनामा, त्याची पोच आणि नोटीस एका फायलीत लावून वकिलाकडून मुदतीत लेखी उत्तर पाठवा. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक 15100 आहे. तो फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा.